ज्वारीचा मांडा का होत नाही?

ज्वारीच्या पिठाचा मांडा होत नाही. बाजरीचा, नागलीचा, तांदळाचा, मक्याचाही होत नाही. खानदेशात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पण का होत नाही, या एका प्रश्नाचा पदर धरला की गव्हाचा दहा हजार वर्षांचा इतिहास, आपल्या ताटात झालेली उलथापालथ आणि काही घरांतलं लवकर न उमगणारं एक दुखणं, एवढं सगळं त्याच्यामागे ओढलं जातं. म्हणून सुरुवात परातीपासूनच करते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी मांड्यांसाठी जी कणीक तिंबली जायची ती पोळीच्या कणकेसारखी नसायची. पाणी लावायचं, आपटायचं, पुन्हा पाणी लावायचं. शेवटी ती इतकी सैल व्हायची की हातातून ओघळेल असं वाटावं, पण तुटायची नाही. माझी आजी, तिला आम्ही मोठी माय म्हणायचो, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायची. तो कोपरापर्यंत उतरला की चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायची. मी लहानपणी ज्वारीच्या पिठाचा तसा उंडा करायला गेले आणि तो हातातच फुटला. मोठी माय म्हणाली, "जवारीमा ताण नही ऱ्हास, पोरी."

तिने वापरलेला 'ताण' हा शब्द शास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे. गव्हाच्या दाण्यात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन नावाची दोन प्रकारची प्रथिनं असतात. कोरड्या पिठात ती आपापल्या जागी पडून राहतात. पाणी लागलं आणि हात फिरला की एकमेकांत गुंतत जातात आणि त्यांचं एक चिवट जाळं तयार होतं. त्या जाळ्याला ग्लुटेन म्हणतात. ग्लायाडिनमुळे कणीक पसरते, ग्लुटेनिनमुळे ती ओढ धरते आणि सोडली की थोडी मागे येते. मांडा ताणला जातो आणि तरी फाटत नाही, ते या दोघांमुळे. तव्यावरची पोळी फुगते तीही यामुळेच, कारण आतली वाफ हे जाळं कोंडून धरतं.

ज्वारीतही प्रथिनं असतात आणि ती काही कमी नसतात. पण ती वेगळ्या जातीची असतात. पाण्यात भिजवून कितीही मळली तरी एकमेकांना धरत नाहीत. मग भाकरी कशी होते? त्यासाठी बायकांनी दुसरी वाट काढली, उकळत्या पाण्याची. गरम पाण्याने पिठातलं स्टार्च फुलून चिकट होतं आणि ते थापण्यापुरती पकड देतं. ही पकड लवकर जाते. म्हणून भाकरीचं पीठ लागेल तेवढंच, ऐन वेळी भिजवतात. कणीक मात्र तासभर झाकून ठेवली की आणखी चांगली होते. मळताना ताठरलेलं जाळं त्या वेळात सैलावतं.

मांड्यांचे गहू आधी ओलवून ठेवण्याची पद्धत आहे. ओलाव्याने दाण्याचं वरचं साल चिवट होतं, दळताना त्याचा भुगा होत नाही, आणि कोंडा मोठ्या पापुद्र्यांनी वेगळा निघतो. मग पीठ वस्त्रगाळ करायचं. कोंड्याचा बारीकसा कण राहिला तरी तो त्या जाळ्याला सुरीसारखा कापतो, आणि मांडा नेमका तिथून फाटतो. आजच्या मोठमोठ्या मैदा मिलमध्येही दळण्याआधी गव्हाला पाणी पाजतात, आणि त्यामागचं कारण हेच असतं. आमच्याकडच्या बायकांना ते कुणी शिकवलं नव्हतं.

आता हाच गहू उन्हाळ्यात कुरडयांसाठी कसा वापरतात ते बघा. तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून पिळून घ्यायचा. पांढरं दूध रात्रभर ठेवलं की खाली चीक बसतो आणि वरचं पाणी ओतून टाकतात. खाली बसलेला चीक म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. ताण देणारी प्रथिनं बहुतेक चोथ्यात राहिलेली असतात. मांड्याला जे हवं ते कुरडईला नको, आणि कुरडईला जे हवं त्यावर मांडा उभा राहात नाही. एकाच दाण्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या कशा काढायच्या हे आपल्या अंगणात दर उन्हाळ्यात घडतं. घरी करून बघायचं असेल तर कणकेचा घट्ट गोळा बारीक धारेखाली चोळत धुवा. पांढरं पाणी निघून जाईल आणि हातात रबरासारखा एक पिवळट गोळा उरेल. तेच ग्लुटेन.

बट्टीचं गणित तिसरंच. तिला ताण नकोच, ती खुसखुशीत हवी. म्हणून पीठ जाडसर दळायचं, त्यात थोडा मका घालायचा, मोहन घालायचं आणि फार मळायचं नाही. तेल पिठाच्या कणांना वेढतं, त्यामुळे जाळं नीट बांधलं जात नाही, आणि बट्टी बोटांनी कुस्करता येते. वरणाशी तिची जोडी लागली तीही नुसत्या चवीपुरती नाही. गव्हात लायसिन नावाचा प्रथिनांचा एक घटक कमी असतो आणि तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी ते गव्हात मिळतं. भंडाऱ्याच्या पंगतीत वाढलेलं वरण-बट्टी हे प्रथिनांच्या हिशोबाने फार चांगलं जेवण आहे.

हा ताण गव्हाला कुठून मिळाला, ते समजायला खूप मागे जावं लागतं. आज आपण खातो तो गहू एका गवतापासून नाही, तीन गवतांपासून बनला. तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण या टापूत रानटी गवतं उगवायची आणि माणसं त्यांचे दाणे गोळा करून आणायची. जॉर्डनच्या वाळवंटात एका ठिकाणी सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीचे जळके तुकडे सापडले आहेत. त्या माणसांना शेती माहीतच नव्हती. म्हणजे आधी भाकरी आली, शेती त्यानंतर चार हजार वर्षांनी.

रानटी गव्हाची एक मोठी अडचण होती. ओंबी पिकली की दाणे आपोआप गळून मातीत पडायचे. गवताच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, वंश असाच पुढे जातो. पण अधूनमधून एखादं रोप असं निघायचं की त्याचे दाणे ओंबीला धरून राहायचे. रानात असं रोप वांझच ठरायचं. माणसाच्या हाती मात्र तेच जास्त लागायचं, कारण गळालेले दाणे कोण वेचत बसणार? तेच घरी यायचं, तेच पुढच्या वर्षी पेरलं जायचं. अशा शेकडो पिढ्यांनंतर गहू माणसाच्या हाताशिवाय पसरूच शकेना.

सर्वांत जुन्या लागवडीच्या गव्हाला १४ गुणसूत्रं होती. दोन गवतांचा निसर्गातच संकर होऊन २८ गुणसूत्रांचा गहू झाला. आपली खपली त्याच गोताची. तिचा दाणा टरफलाला खपलीसारखा चिकटून राहतो, कांडल्याशिवाय सुटत नाही, म्हणून ते नाव. पुढे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडच्या भागात हा २८वाला गहू शेतात उभा असताना बांधावरच्या एका रानगवताशी त्याचा संकर झाला आणि ४२ गुणसूत्रांचा गहू जन्माला आला. तोच आपला रोजच्या पोळीचा गहू. त्याचा जनुकसंच माणसाच्या जनुकसंचाच्या सुमारे पाचपट मोठा आहे. वाचायला तो इतका अवघड होता की त्याचा सविस्तर नकाशा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्या रानगवताने आणलेल्या ग्लुटेनिनमुळेच या गव्हाच्या कणकेला आजची लवचिक ओढ मिळाली. बांधावरचं ते तण तिथे नसतं तर मांडा झाला नसता.

सीरियातल्या अबू हुरेरा या ठिकाणी सापडलेल्या जुन्या सांगाड्यांबद्दल वाचलं तेव्हापासून मला ते विसरता आलेलं नाही. तिथल्या बायकांच्या पायांच्या अंगठ्यांची, गुडघ्यांची आणि पाठीच्या मणक्यांची हाडं झिजलेली आणि वाकलेली होती. अभ्यासकांनी त्याचा संबंध रोज तासन् तास गुडघे टेकून दगडावर धान्य वाटण्याशी जोडला. आपल्याकडे घरोटावर पहाटे बसणाऱ्या बायका ओव्या म्हणायच्या, त्याचं आपण फार कौतुक करतो. त्या दळणाने त्यांच्या खांद्यांचं आणि कमरेचं काय झालं, हे मात्र क्वचितच कुणी लिहून ठेवलं. हाडांनी ते लिहून ठेवलं.

तिथून गहू पूर्वेकडे आला. बलुचिस्तानातल्या मेहरगढला इसवी सनापूर्वी ७०००च्या सुमारास गहू आणि जव पेरले जात होते. सिंधू संस्कृतीच्या शहरांचं पोट त्यांच्यावरच भरायचं. दख्खनमध्ये पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात जवाबरोबर गहूही मिळाला. ती वस्ती तीन हजार वर्षांहून जुनी आहे. पण दख्खनच्या काळ्या मातीत गहू कधी राजा झाला नाही. त्याला हिवाळ्याची थंडी लागते आणि वेळच्या वेळी पाणी लागतं. पेरल्यावर अठराव्या ते एकविसाव्या दिवसाच्या सुमारास मुकुटमुळं फुटतात, तेव्हाचं पाणी चुकलं तर पुढे कितीही पाजलं तरी भरून निघत नाही. ज्वारीचं तसं नाही, रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवरही तग धरते.

म्हणून खानदेश हा ज्वारीचा मुलूख राहिला. अकबराच्या काळात अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत खानदेशची नोंद केली आहे. इथे मुख्यतः ज्वारी पिकते, काही ठिकाणी वर्षातून तीनदा, आणि तिचा दांडा इतका कोवळा आणि गोड असतो की लोक त्याला फळात जमा धरतात, असं तो सांगतो. लहानपणी ज्यांनी शेतात बसून ज्वारीचं ताट सोलून चघळलंय त्यांना हे खोटं वाटणार नाही.

गहू होता तो पाणी असेल तिथे. साक्री-धुळ्याच्या पांझरेवर आणि बागलाणातल्या मोसम नदीवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर छोटा बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे. एका फडात त्या हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या. गव्हाचा फड ठरला की त्यात प्रत्येकाची पट्टी असायची, मोठ्या शेतकऱ्याची आणि लहान शेतकऱ्याचीही. पाण्याची इतकी शिस्तशीर वाटणी गावकऱ्यांनी स्वतः उभी केली आणि पिढ्यान् पिढ्या चालवली. खानदेशाच्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच आहे, किल्ले आणि लढाया त्यानंतर.

फड सोडले तर गहू पाव्हण्यांचा आणि सणाचा. आखाजीला मांडे, पोळ्याला पुरणपोळी, कानबाई या आमच्याकडच्या देवीला रोट, नवसाला बट्टी. बाळंतिणीची खीर गव्हाची, ओटीत गहू, नवरात्रात घटाच्या मातीत पेरायचे ते गहू. एरवी भाकरी. मोठी माय सांगायची की तिच्या लहानपणी 'त्यांच्याकडे रोज पोयी ऱ्हास' हे वाक्य श्रीमंती सांगायला पुरेसं होतं.

हे उलटलं ते दोन पिढ्यांत. १९६६ साली देशात इतकी टंचाई होती की एका वर्षात एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणावं लागलं, आणि त्यातला मोठा भाग अमेरिकेचा गहू होता. आपल्या जुन्या गव्हाची अडचण अशी की तो उंच वाढायचा. खत-पाणी वाढवलं की ओंबी जड व्हायची आणि पीक आडवं पडायचं. उपाय सापडला जपानच्या 'नोरिन-१०' या बुटक्या वाणात. तो अमेरिकेत गेला, मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी त्याचे तिथल्या गव्हाशी संकर केले, आणि १९६३मध्ये बोरलॉग भारतात आले. एम. एस. स्वामीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या शेतांत चाचण्या घेतल्या. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं मागवलं गेलं. बुटकं ताट आडवं पडत नाही, त्यामुळे खतपाण्याचा सगळा जोर दाण्यात जातो.

पण मेक्सिकोचा दाणा लालसर होता आणि लाल पोळी आपल्या लोकांना आवडेना. तेव्हा 'सोनोरा-६४' या वाणावर गॅमा किरणांचा मारा करून सोनेरी दाण्याचा 'शरबती सोनोरा' काढण्यात आला. पोळीच्या रंगासाठी अणुशास्त्र कामाला लागलं, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. माणूस पोट भरतानाही आपली चव सोडत नाही, आणि ती सोडायला लावूही नये.

खानदेशात बाजारात गेलं की 'लोकवन' मागतात. पुष्कळांना वाटतं हे कुठल्या तरी वनाचं नाव. ते खरं म्हणजे 'लोक-१' आहे. गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात सणोसरा इथे लोकभारती ही ग्रामीण शिक्षणसंस्था आहे, तिथे हा वाण तयार झाला आणि संस्थेचंच नाव त्याला मिळालं. त्याच्या आईबापांपैकी एक 'सोनालिका', आणि सोनालिका मेक्सिकोच्या गोतातली. म्हणजे आपल्या कोठीतल्या लोकवनाची आजोळं थेट मेक्सिकोपर्यंत जातात. निफाडच्या गहू संशोधन केंद्रानेही आपल्या हवेला सोसतील असे 'त्र्यंबक', 'तपोवन', 'गोदावरी' हे वाण दिले. याची गरज होतीच, कारण आपल्याकडे फेब्रुवारी सरत आला की ऊन चटकायला लागतं, आणि दाणा भरायच्या वेळी ऊन लागलं की तो सुरकुततो. २०२२च्या मार्चमधल्या उष्णतेने उत्तरेतल्या गव्हाचंही हेच केलं, आणि त्या मे महिन्यात सरकारला निर्यात थांबवावी लागली.

देशाचं उत्पादन साठच्या दशकाच्या मध्यात वर्षाला एक-सव्वा कोटी टन होतं. आता ते ११ कोटी टनांच्या पुढे आहे. विहिरी आल्या, पंप आले, गिरणा धरणाचे कालवे आले, रेशनवर गहू आला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये किलोने मिळू लागला आणि २०२३पासून फुकट. ज्वारी मात्र बहुतेक वेळा बाजारातून विकत घ्यावी लागते, आणि कित्येकदा ती गव्हाहून महाग असते. श्रीमंतीची पोळी गरिबाच्या ताटात आली, ती आनंदाचीच गोष्ट. पण भाकरी ताटातून गेली ती कुणाला नकोशी झाली म्हणून नव्हे. हिशोबात ती परवडेना.

आता तब्येतीचं. गव्हाबद्दल हल्ली दोन टोकांचं ऐकू येतं. गहू म्हणजे विष, गहू सोडा, सगळे आजार जातील, असं एक टोक. आणि पिढ्यान् पिढ्या खातोय, कुणाला काय झालंय, हे दुसरं. ही दोन्ही टोकं लोकांचं नुकसान करतात.

बहुतेक माणसांना गव्हापासून अपाय नाही. जगाच्या आहारातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या उष्मांकांची गरज तो भागवतो. कोंड्यासकट दळलेल्या गव्हात तंतू, लोह आणि ब गटातली जीवनसत्त्वं असतात. मैद्यात त्यातलं बरंच निघून जातं, म्हणून रोजच्या खाण्यात मैदा नसलेला बरा. मधुमेह असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं की पोळी असो वा भाकरी, दोन्हीत मुख्यतः स्टार्चच असतं. भाकरी आहे म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. आजच्या गव्हात ग्लुटेन मुद्दाम ठासून भरलंय, हाही गैरसमज आहे. संकर झाले ते उत्पादनासाठी, आणि जनुकीय बदल केलेला गहू भारतात शेतकऱ्यांना पेरायला दिलेलाच नाही.

पण काही थोड्या माणसांसाठी गहू खरोखर घातक असतो. त्या आजाराचं नाव सिलिअ‍ॅक. जगात साधारण शंभरात एकाला तो असतो. आपल्या लहान आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्नाचा कस तेच शोषून घेतात. सिलिअ‍ॅक असलेल्यांच्या पोटात ग्लुटेन गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणाच त्या अंकुरांवर तुटून पडते. मखमल घासून सपाट होते. मग कितीही खायला घाला, अंगी लागत नाही. मूल खुरटतं, पोट फुगतं, जुलाब होतात. कधी यातलं काहीच दिसत नाही, फक्त लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही. हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांचे काही बालरुग्ण सुधारले. पाव परत आला तशी ती मुलं पुन्हा आजारी पडली. ज्या हिवाळ्यात भोवतालची माणसं भुकेने मरत होती त्याच हिवाळ्यात ही मुलं सावरत होती.

संशय आला तर आपल्या मनाने गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर तपासणी केली तर आजार असूनही तो दिसत नाही. आजार ठरला तर मात्र गहू कायमचा आणि पूर्ण बंद. रवा, शेवया, दलिया, मैदा हा सगळा गहूच. खपलीही चालत नाही. ती जुनी असली तरी तिच्यात ग्लुटेन आहेच, आणि 'देशी आहे, चालते' असं सांगून ती विकणारे मुलांच्या जिवाशी खेळतात. बाजारच्या बांधणी हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाला हा आजार आहे. सहा वर्षांचा होईपर्यंत कुणाला कळलं नव्हतं, सगळे म्हणायचे पोरगं काटकुळंच आहे. निदान झालं तेव्हा त्याच्या आईला धक्का बसला, पण खायला काय द्यायचं हा प्रश्न तिला पडला नाही. ज्वारीची भाकरी, कळण्याची भाकरी, भरीत, बिबडे. खानदेशचं जुनं रोजचं ताट या मुलाला जसंच्या तसं चालतं. अडचण आली ती गिरणीची. तिथे आधी कुणाचे गहू दळले असतील तर पुढच्या ज्वारीत ते पीठ उतरतं, आणि एवढंसंही या मुलाला पुरतं. शेवटी तिने घरघंटी घेतली. तिच्यात गव्हाचा दाणा कधीच पडत नाही.

श्रावणात त्यांच्याकडे कानबाई बसते. रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, आणि भाऊबंदकीतल्या सगळ्यांनी तो रोट खायचा असतो. या वर्षी त्या मुलाच्या नावाचं काय करायचं यावर घरात बोलणं झालं. त्याच्या आजीने त्याची सव्वा मूठ इतरांबरोबरच गव्हात टाकली. त्याच्या वाट्याचा रोट काकांनी खाल्ला. मुलाच्या पानात घरघंटीवर दळलेल्या ज्वारीची भाकरी होती, वर तूप आणि गूळ, आणि आजीने तीही आधी कानबाईपुढे ठेवून आणली होती.